उरलेला शिधापैसा कोणाचा? अलाबामातील मॉर्गन काउंटी कारागृहाचे प्रकरण

७ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका विद्यमान शेरीफला न्यायालयातूनच ताब्यात घेण्यात आले. मॉर्गन काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफ ग्रेग बार्टलेट यांच्यावर लाच घेतल्याचा आरोप नव्हता आणि कैद्याला मारहाण केल्याचाही नव्हता. कैद्यांच्या जेवणासाठी आलेल्या सरकारी पैशातून तीन वर्षांत सुमारे २ लाख १२ हजार डॉलर त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. ते लपवलेही नव्हते. भर न्यायालयात शपथेवर त्यांनीच हे सांगितले, कारण राज्याच्या कायद्यानुसार ते पैसे त्यांचेच होते. ताब्यात घेण्याचे कारण वेगळे होते: कैद्यांना पुरेसा आहार देण्याचा न्यायालयाचा २००१ चा आदेश मोडला गेला होता.

या प्रकरणाकडे सहसा एका लोभी अधिकाऱ्याची गोष्ट म्हणून पाहिले जाते. पण त्याच कारागृहात, त्याच न्यायालयीन आदेशाखाली, बार्टलेट यांच्यानंतर आलेल्या शेरीफही त्याच पैशावरून न्यायालयाच्या अवमानात दोषी ठरल्या. माणूस बदलला तरी दोष तसाच राहिला, तेव्हा तो माणसापेक्षा व्यवस्थेत शोधायला हवा.

शेरीफ कोणाला उत्तर देतो?

मुंबईच्या शेरीफपदावरून अंदाज बांधला तर इथे गल्लत होईल. ते पद मानाचे आहे. अलाबामातला शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख आणि तुरुंगाधीक्षक एकाच माणसात. राज्यात ६७ काउंट्या आहेत आणि प्रत्येक शेरीफ थेट लोकांमधून, चार वर्षांसाठी निवडून येतो. बहुतेक काउंट्या ग्रामीण आहेत. मॉर्गन काउंटीत टेनेसी नदीकाठचे डिकेटर हे मध्यम आकाराचे शहर आहे, बाकी छोटी गावे आणि शेती. २०१० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आत होती.

काउंटी कारागृहात दोन प्रकारचे लोक असतात: खटला सुरू व्हायची वाट पाहणारे कच्चे कैदी आणि लहान मुदतीची शिक्षा भोगणारे. कच्चा कैदी कायद्याने निर्दोषच असतो. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून तो आत असतो. त्यात भर म्हणून राज्याचे तुरुंग भरले की शिक्षा झालेले राज्याचे कैदीही महिनोन्महिने काउंटीच्या माथी राहतात.

जबाबदारीची वाटणी अशी. इमारत, अंथरूण-पांघरूण, औषधपाणी यांचा खर्च काउंटी आयोगाने, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, करायचा. कैद्यांचा ताबा शेरीफकडे. जेवणाचे पैसे राज्याच्या तिजोरीतून. आयोग शेरीफला हुकूम देऊ शकत नाही, कारण तो आयोगाचा नोकर नाही. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकमिलियन विरुद्ध मनरो काउंटी या खटल्यात म्हटले, की कायदा राबवण्याच्या कामात अलाबामाचा शेरीफ काउंटीचा नव्हे तर राज्याचा प्रतिनिधी असतो. पण राज्यही त्याला रोजच्या कामात विचारत नाही. मुदतीआधी हटवायचे तर महाभियोगाची वाट, आणि ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते. राहता राहिला मतदार. तो चार वर्षांनी एकदा येतो आणि तुरुंगातल्या ताटात काय पडते हे त्याला दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांच्यापैकी फार थोडे मतदानाला जातात.

म्हणजे कागदावर चार मालक आणि व्यवहारात एकही नाही.

१ डॉलर ७५ सेंट

अलाबामाच्या जुन्या कायद्यानुसार राज्य सरकार दर कैद्यामागे दर दिवशी १.७५ डॉलर देत असे. तीन जेवणे त्यात बसवायची, म्हणजे एका जेवणाला ५८ सेंट. २००९ च्या विनिमय दराने दिवसाचे साधारण ८५ रुपये झाले, पण अमेरिकेतल्या भावाने त्यात काय मिळते हे वेगळे सांगायला नको. शहर पोलिसांचे किंवा संघराज्याचे कैदी ठेवले तर त्यांचे पैसे निराळ्या दराने येत. शिवाय ‘स्वयंपाक करणे व वाढणे’ या सेवेपोटी शेरीफला एक छोटा वेगळा भत्ता होता.

हे सारे शेरीफच्या नावाने येई. जेवण घातल्यावर जे उरेल ते त्याने ‘ठेवून घ्यावे’ असा कायद्याचा अर्थ पिढ्यानपिढ्या लावला गेला. त्यामागे एक जुनी रीत होती. पूर्वी शेरीफचे बिऱ्हाड कारागृहातच किंवा शेजारी असे, घरच्याच चुलीवर पाच-दहा कैद्यांचा स्वयंपाक होई आणि सरकार त्याची भरपाई देई. तोटा आला तर शेरीफचा, फायदा झाला तर शेरीफचा. खाणावळीचा ठेकाच म्हणा. कैदी दहाचे तीनशे झाले, स्वयंपाकघर सरकारी झाले, स्वयंपाकाला कैद्यांचेच हात लागले; ठेका मात्र शेरीफच्या नावावर राहिला.

तोटा सोसण्याची बाजूही खरी होती, ती झाकून चालणार नाही. शेजारच्या भागातील एटोवा काउंटीचे शेरीफ २००७ मध्ये पदावर असताना वारले, तेव्हा खात्यातली शिल्लक कायद्याप्रमाणे त्यांच्या वारसांकडे गेली. नवे शेरीफ टॉड एन्ट्रेकिन यांना कैद्यांना जेवू घालण्यासाठी दीड लाख डॉलरचे कर्ज काढावे लागले. सरकारी अन्नखाते मयताच्या इस्टेटीत जमा होते, यावरून ते खाते नेमके कोणाचे मानले जात होते हे कळते.

राज्याच्या लेखापरीक्षकांना कार्यालयाची खाती तपासता येत. पण शिल्लक एकदा शेरीफच्या वैयक्तिक खात्यात गेली की ती त्यांच्या कक्षेबाहेर. बिले बरोबर आहेत, बेरीज बरोबर आहे, शेरा काय मारणार?

२००१ चा हुकूमनामा

मॉर्गन काउंटीचे वेगळेपण असे, की इथे न्यायालय आधीच आत शिरलेले होते. कारागृह क्षमतेच्या दुपटीहून जास्त भरले होते आणि त्यातले कितीतरी कैदी राज्याने न्यायला हवे होते. कैद्यांच्या वतीने अटलांटाच्या सदर्न सेंटर फॉर ह्युमन राइट्स या संस्थेने मेनर विरुद्ध मॉर्गन काउंटी हा दावा चालवला. एप्रिल २००१ मध्ये न्यायाधीश यू. डब्ल्यू. क्लेमन यांनी त्या कोठड्यांची तुलना अठराव्या शतकातील गुलामवाहू जहाजांशी केली. हे शब्द लिहिणारे न्यायाधीश अलाबामातील पहिले कृष्णवर्णीय संघ न्यायाधीश होते.

त्याच वर्षी दोन्ही पक्षांच्या संमतीने हुकूमनामा झाला. झोपायला जागा, वैद्यकीय सेवा, स्वच्छता यांबरोबर ‘पोषणदृष्ट्या पुरेसा आहार’ देण्याचे बंधन त्यात घातले गेले. पुरेसा म्हणजे किती उष्मांक, किती प्रथिने, कोण मोजणार, किती दिवसांनी, अहवाल कोणाला, हे ठरायला हवे होते. ज्या आदेशात मोजमाप नाही तो आदेश पाळल्याचा दावा कोणीही करू शकतो. आणि मुख्य म्हणजे, उरलेल्या पैशाचे काय, हा प्रश्न २००१ मध्ये मिटवला गेला नाही. आहार पुरेसा द्या असे न्यायालय सांगत होते आणि कमी द्याल तितके तुमचे असे राज्याचा कायदा सांगत होता.

ताटात काय पडत होते

२००९ च्या सुनावणीत बेड्या घातलेल्या कैद्यांनी एकामागून एक साक्षी दिल्या. सकाळचा नाश्ता पहाटे तीनच्या सुमारास: अर्धे अंडे, चमचाभर ओटमील, टोस्टचा एक तुकडा. दुपारी मूठभर चिप्स आणि दोन सँडविच. त्यांतले शेंगदाण्याचे लोणी इतके पातळ, की जणू फवाऱ्याने मारले आहे, असे एका कैद्याने सांगितले. त्याचे वजन पाच महिन्यांत ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो, उतरले होते. कोंबडी रक्ताळलेली, अर्धी कच्ची मिळाल्याचीही साक्ष झाली.

प्रकरण गाजले ते कॉर्नडॉगमुळे. कॉर्नडॉग म्हणजे काडीला खोचलेले सॉसेज मक्याच्या पिठात बुडवून तळलेले. जत्रेत, मेळ्यात खायचा पदार्थ. बार्टलेट आणि शेजारच्या काउंटीचे शेरीफ यांनी मिळून गोठवलेल्या कॉर्नडॉगचा अख्खा ट्रक प्रत्येकी ५०० डॉलरमध्ये घेतला. मग कैद्यांना आठवडेच्या आठवडे दिवसातून दोनदा कॉर्नडॉग. स्वस्तात चांगला माल मिळाला तर घेऊ नये असे नाही. प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघरात अशी खरेदी होते. पण आहारतज्ज्ञाने मंजूर केलेला आठवड्याचा तक्ता असेल तर असा माल त्यातल्या एखाद्या वारी बसवतात आणि महिने-दोन महिने पुरवतात. इथे तक्त्याने खरेदी ठरवण्याऐवजी खरेदीने तक्ता ठरवला.

आता हिशेब मांडून पाहू. तीन वर्षांचे २ लाख १२ हजार, म्हणजे रोजचे सुमारे १९४ डॉलर. कारागृहात सरासरी ३०० कैदी धरले तर दर कैद्यामागे रोज ६५ सेंट. १.७५ मधून ते वजा केले की ताटात १ डॉलर १० सेंट उरतात, एका जेवणाला ३७ सेंट. अन्य दराने येणारे कैदी धरले तर आकडा थोडा हलेल. पण कैद्याच्या नावाने आलेल्या प्रत्येक तीन डॉलरमागे एक डॉलर ताटाबाहेर गेला, हे त्यातून पुरेसे दिसते.

क्लेमन यांनी बार्टलेट यांना हुकूमनाम्याच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि पुरेशा जेवणाची योजना सादर करेपर्यंत कोठडीत ठेवण्याचा आदेश दिला. एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाचे सगळे पैसे जेवणावरच खर्च करण्याचे मान्य झाले आणि बार्टलेट सुटले. त्याच महिन्यात क्लेमन निवृत्त झाले.

हे आधी का कळले नाही?

कारागृहात कैदी उपाशी आहेत हे सांगणारी आकडेवारी शेरीफच्या कार्यालयात पडून असते, फक्त ती एकत्र कोणी वाचत नाही. दाखल होताना कैद्याचे वजन वैद्यकीय कागदावर लिहितात. दोन महिन्यांनी पुन्हा तोलले तर घट दिसते. पण परिचारिकेची फाईल स्वयंपाकघराच्या माणसाकडे जात नाही. दुसरी खूण कॅन्टीनची. मॉर्गनच्या कैद्यांनी सांगितले, की भूक भागवण्यासाठी ते महिन्याला शेकडो डॉलरचे खाणे कारागृहातल्या दुकानातून घेत. ज्याच्या घरून पैसे येत नाहीत तो काय करत असेल, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. कॅन्टीनमध्ये साबण-पाकिटांपेक्षा नूडल्स आणि बिस्किटे भराभर संपू लागली, की आधी ताट तपासायचे. पण बहुतेक ठिकाणी कॅन्टीनची वाढती विक्री उत्पन्न म्हणून कौतुकाने सांगितली जाते. तिसरी खूण खरकट्याची. एरवी शेकडो माणसांच्या जेवणात खरकट्याचे पिंप भरते. ते रोज रिकामे राहत असेल तर तो स्वयंपाकाचा गौरव नाही.

राहिल्या तक्रारी. तक्रारीचा कागद ज्या शिपायाच्या हाती द्यायचा तो शेरीफच्या मर्जीवर नोकरीत असतो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच निकाल देतो. असा कागद न्यायालयापर्यंत पोचला तो बाहेरचे वकील कैद्यांना भेटत होते म्हणूनच.

नवीन शेरीफ, जुना आदेश

२०१० च्या निवडणुकीत ॲना फ्रँकलिन निवडून आल्या. मॉर्गन काउंटीच्या त्या पहिल्या महिला शेरीफ. २००९ चा करार त्यांच्या पदग्रहणाआधीचा होता. जून २०१५ मध्ये त्यांनी अन्नखात्यातून १ लाख ६० हजार डॉलर काढले आणि त्यातले दीड लाख प्राइसव्हिल पार्टनर्स या जुन्या मोटारींच्या धंद्यात घातले. या कंपनीच्या मालकांपैकी एकाला पूर्वी फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्या कागदपत्रांतून शेरीफच्या पैशाचा माग लागला. फ्रँकलिन यांनी रक्कम परत भरली.

माझ्या मते या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग हा आहे, कॉर्नडॉग नव्हे. बार्टलेट यांच्या वेळी उपाशी कैदी डोळ्यांसमोर होते. फ्रँकलिन यांच्या वेळी न्यायालयापुढचा मुद्दा भुकेचा नव्हता. बचाव साधारण असा होता: तो आदेश बार्टलेट यांच्यासाठी होता, आपल्याला लागू होतो असे वाटले नाही. न्यायाधीश अब्दुल कॅलन यांनी तो मानला नाही. आदेश शेरीफ या पदावर होता, त्यात बदल हवा असेल तर न्यायालयाकडे अर्ज करायचा, परस्पर पैसे काढायचे नाहीत. जून २०१७ मध्ये फ्रँकलिन अवमानात दोषी ठरल्या. दंड झाला १,००० डॉलर.

दीड लाखांच्या व्यवहाराला हजाराचा दंड हा हिशेब लोकांना रुचला नाही आणि ते समजण्यासारखे आहे. दिवाणी अवमानात न्यायालयाचा उद्देश आदेश पाळायला लावण्याचा असतो आणि पैसे तोवर परत आलेले होते, हे त्याचे उत्तर. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते: जेवणाचा पैसा मोटारींच्या धंद्यात घालणे अलाबामाच्या अन्य बहुतेक काउंट्यांत तेव्हा कोणत्याही आदेशाचा भंग ठरला नसता. २०१८ मध्ये फ्रँकलिन यांनी २०१५ चे प्राप्तिकर विवरणपत्र न भरल्याचा संघराज्याचा किरकोळ गुन्हा कबूल केला आणि त्यांना देखरेखीखाली मोकळे ठेवण्याची शिक्षा झाली. शेरीफच्या निवडणुकीला त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

या काळात कार्यालयातली माहिती बाहेर देणाऱ्यांचे काय झाले, हेही नोंदवायला हवे. माहिती फोडल्याच्या संशयावरून कारागृहाच्या वॉर्डनवर फौजदारी कारवाई झाली. शेरीफविरोधी लिखाण करणाऱ्या महिलेच्या नातवाला पैसे देऊन खबऱ्या केले गेले. २०१८ मध्ये स्थानिक न्यायाधीशांनी वॉर्डनवरचा खटला काढून टाकला आणि शेरीफच्या कार्यालयाने झडतीचे वॉरंट मिळवताना न्यायालयाची दिशाभूल केल्याचे म्हटले. जिथे तपास यंत्रणा आणि ज्याचा तपास व्हायचा ते कार्यालय एकच, तिथे आतून कोणी बोलेल या भरवशावर उत्तरदायित्व उभे करता येत नाही. लहान काउंटीत शेरीफच्या नोकरीखेरीज बरी सरकारी नोकरी क्वचितच असते, हेही त्यात धरा.

कायदा कसा बदलला

मॉर्गनला निदान हुकूमनामा होता. बाकीच्या काउंट्यांत काय चालले आहे हे कळावे म्हणून सदर्न सेंटर आणि अलाबामा ॲपलसीड या संस्थांनी जानेवारी २०१८ मध्ये ४९ शेरीफांवर माहितीसाठी दावा लावला: अन्नखात्यातून स्वतःकडे किती घेतले, एवढाच प्रश्न. बरेच शेरीफ म्हणत होते, ही खासगी बाब. मग एटोवाचे एन्ट्रेकिन पुन्हा चर्चेत आले. त्यांनी तीन वर्षांत साडेसात लाख डॉलरहून जास्त उत्पन्न या खात्यातून दाखवले होते आणि समुद्रकिनारी ७ लाख ४० हजारांचे घर घेतल्याची बातमी आली. त्याच वर्षी जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले. कर्ज काढून सुरुवात करणारा माणूस समुद्रकाठच्या घरापर्यंत पोचला, तोही कायद्याच्या चौकटीत राहून. एकाच तरतुदीची ही दोन टोके.

जुलै २०१८ मध्ये राज्यपाल के आयव्ही यांनी ‘स्वयंपाक व वाढप’ सेवेचा भत्ता शेरीफांना व्यक्तिशः देणे थांबवले. मुख्य १.७५ चा प्रश्न त्याने सुटला नाही. तो २०१९ च्या कायद्याने सुटला, आणि तो मांडण्यात डिकेटरचेच सिनेटर आर्थर ऑर पुढे होते. दर २.२५ डॉलर झाला. पैसा स्वतंत्र ‘कैदी आहार निधी’त ठेवायचा, शेरीफने वैयक्तिक वापर करायचा नाही. निधी कमी पडला तर राज्याच्या आपत्कालीन तरतुदीतून मागता येते, म्हणजे ‘तोटा माझा तर नफाही माझा’ हे जुने समर्थनही संपले. हे दोन्ही एकत्र केले म्हणून कायदा पटला. नुसता नफा काढून घेतला असता तर शेरीफ संघटनेचा विरोध न्याय्य ठरला असता.

एक फट उरली. वर्षअखेरीला निधीत जे शिल्लक राहील त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम कारागृह चालवण्यावर किंवा पोलिसी कामावर वापरता येते. आता पैसा खिशात जात नाही, पण गाडीच्या टायरला जाऊ शकतो. ज्या शेरीफचे अंदाजपत्रक आयोगाने कापले आहे त्याला जेवणात बचत करण्याचे कारण अजूनही आहे.

निधी पाहायचा कसा

त्यामुळे कायद्यानंतरचे काम हिशेबाचे आहे. ग्रामीण काउंटीत मोठा कर्मचारीवर्ग नसतो. एक प्रशासक, एक स्वयंपाकप्रमुख, काउंटीचा खजिनदार आणि महिन्यातून एकदा येणारा आहारतज्ज्ञ एवढ्यावर भागवावे लागते. तेवढ्यात जमण्यासारखी पद्धत अशी.

पाया कैद्यांच्या गणतीचा. राज्याकडून पैसे गणतीवर मिळतात, म्हणून ठरावीक वेळेची गणती आणि त्या दिवशी वाढलेली ताटे या दोन आकड्यांची तुलना रोज व्हावी. तीन जेवणे धरून ३०० कैद्यांना ९०० ताटे. दिवसभरातली आवक-जावक, न्यायालयात नेलेले, रुग्णालयात असलेले यांमुळे दहा-वीसचा फरक पडतो. रोज शंभराचा फरक दिसला तर एकतर गणती फुगवली आहे किंवा जेवण चुकते आहे. गणती तुरुंगाचा पहारा करतो आणि ताटे स्वयंपाकघर मोजते. दोन्ही आकडे एकाच माणसाने लिहायचे नाहीत.

दुसरे, चार आठवड्यांचा फिरता आहारतक्ता आणि त्यावर आहारतज्ज्ञाची सही, वर्षातून किमान एकदा नव्याने. तक्त्यात पदार्थांची नुसती नावे पुरत नाहीत, वजन लागते: शिजलेले मांस किती ग्रॅम, भाजी किती, दूध किती मिलिलिटर. ‘चिकन, बीन्स, पाव’ असे लिहिले तर अर्ध्या तुकड्यातही तक्ता पाळला जातो. माल न आल्याने पदार्थ बदलावा लागला तर बदलाची नोंद, कारण आणि समतुल्य पदार्थ, त्याच दिवशी. अमेरिकेतील सुधारगृहांच्या प्रमाणकांप्रमाणे दिवसात तीन जेवणे, त्यांतली किमान दोन गरम, आणि रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत १४ तासांहून जास्त अंतर नको. या अंतरात एक गोम आहे. नाश्ता पहाटे तीनला ठेवला की १४ तासांचा नियम सहज पाळला जातो, पण दुपारच्या जेवणापर्यंत माणूस आठ-नऊ तास उपाशी राहतो. म्हणून नियमाबरोबर घड्याळही पाहायचे.

तिसरे, तापमान. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे. गरम पदार्थ वाढेपर्यंत ५७ अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली. ताटे गाडीवरून कोठड्यांकडे जातात तेव्हा शेवटच्या कोठडीपर्यंत वीस-तीस मिनिटे लागतात, आणि चूक तिथे होते. मोजायचे ते शेवटच्या ताटाचे तापमान, पातेल्यातले नव्हे. आठवड्यातून एकदा कारागृहप्रमुखाने गाडीवरचे कोणतेही एक ताट उचलून काट्यावर तोलावे आणि खावे. आपल्यासाठी वेगळे वाढलेले ताट खाल्ले तर त्याचा उपयोग नाही.

चौथे, खरेदी. मागणीपत्र, माल उतरल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींवरची संख्या जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि माल उतरवून घेणारा बिल मंजूर करणारा नसावा. देणगीचा किंवा कवडीमोल भावाचा माल आला तर तोही साठा नोंदवहीत बाजारभावाने चढवावा. ते केले नाही तर दर कैद्यामागचा खर्च कागदावर अचानक घसरतो आणि पुढच्या वर्षी तोच ‘कार्यक्षम’ आकडा गळ्यात पडतो. मॉर्गनसारखा ट्रक आला, की हिशेब नेमका तिथे बिघडतो.

शेवटचे काम काउंटीच्या खजिनदाराचे. निधीचे बँक खाते त्याच्याकडे, धनादेशावर दोन सह्या, आणि दर महिन्याला एक पानाचा ताळेबंद आयोगाच्या जाहीर सभेत: किती कैदी-दिवस (महिन्यातल्या रोजच्या गणतीची बेरीज), किती आले, अन्नावर किती गेले, दर कैदी-दिवसाचा खर्च, शिल्लक किती. त्याच पानावर तीन आकडे आणखी हवेत, कारण पैशाचे आकडे एकटे खोटे बोलू शकतात: कॅन्टीनमधील खाद्यपदार्थांची विक्री, जेवणाविषयीच्या तक्रारी, आणि दोन महिन्यांहून जास्त आत असलेल्यांपैकी किती जणांचे वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरले. शिल्लक वाढते आहे आणि हे तीनही आकडे वाढत आहेत असे लागोपाठ दोन महिने दिसले, तर वर्षअखेरीची वाट न पाहता आहारतज्ज्ञाला बोलवावे आणि त्याचा अहवाल येईपर्यंत त्या २५ टक्क्यांना हात लावू देऊ नये.

नवा शेरीफ पद स्वीकारतो त्या दिवशी निधीची शिल्लक, कोठारातला साठा, थकीत बिले आणि लागू असलेले सगळे न्यायालयीन आदेश यांची यादी करून जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने सही करावी, काउंटीच्या वकिलाने साक्षीदार म्हणून. आदेशाची प्रत मिळाल्याची सही वेगळी घ्यावी. तो आपल्याला लागू आहे असे वाटले नाही, हा बचाव त्यानंतर उभा राहत नाही.